लॉ लायब्ररियनला रिसर्च ग्रँट मिळते का? मिळते, पण आधी तुम्ही ‘टीचर’ आहात हे सिद्ध करा

परवा एकदाचं यूसी (युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे ग्रँटचे पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) अपलोड झालं, पोर्टलवर हिरवी टिक आली आणि मी लॅपटॉप बंद करून सरळ चहा टाकला. आता लिहून काढते, कारण राग अजून पुरता गेलेला नाही आणि एकदा गेला की मी लिहिणार नाही हे मला पक्कं माहितीये.

मी एका लॉ कॉलेजात ग्रंथपाल आहे, जिल्ह्याच्या गावी, २००९ पासून. लॉ कॉलेजची लायब्ररी म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला लागतं. एआयआर, एससीसी या कोर्टाचे निकाल छापणाऱ्या रिपोर्टरच्या जाडजूड बांधीव खंडांच्या रांगा, बेअर अॅक्ट्स म्हणजे नुसत्या कायद्यांच्या प्रती, परीक्षेच्या आधी पंधरा दिवस उसळणारी गर्दी आणि बार कौन्सिलचं इन्स्पेक्शन आलं की प्राचार्यांना अचानक आठवणारी मी. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमात लायब्ररीवर वर्षाला निदान किती खर्च करायचा ते लिहिलंय, तीन वर्षांचा किंवा पाच वर्षांचा असा एकच कोर्स असेल तर ५० हजार आणि दोन्ही असतील तर १ लाख. आता एका डेटाबेसचं सबस्क्रिप्शन घ्यायचं म्हटलं तर हे पैसे कुठं पुरणार ते तुम्हीच सांगा. लायब्ररियनने स्वतः संशोधन करायचं म्हटलं तर पैसे कुठून आणायचे, हे मात्र त्या नियमात नाही आणि आमच्या कॉलेजच्या बजेटमध्ये तर नाहीच नाही.

माझा विषय साधा होता. आमच्याकडे जिल्हा कोर्टात आणि तालुक्याच्या कोर्टांत बार असोसिएशनच्या लायब्रऱ्या आहेत, त्यांची अवस्था काय आहे. २ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ईएससीआर हा आपल्या निकालांचा ऑनलाइन संग्रह सुरू केला, निकाल फुकट मोबाइलवर आले, मग तालुक्याचे वकील अजून छापील रिपोर्टर उघडतात का, आणि उघडत नसतील तर त्या खंडांचं पुढं काय होणार. इंडियन लॉ रिपोर्ट्स १८७६ पासूनचे, एआयआर १९१४ पासूनचे, काही बारमध्ये यांचे जुने खंड पडलेत आणि त्यांच्यावर कसर लागलीये. मला दोन जिल्हे फिरायचे होते, याद्या करायच्या होत्या आणि वकिलांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती. बजेट ३ लाख ४० हजार, मुदत एक वर्ष.

(आधी मी तीन जिल्हे धरले होते. नवरा म्हणाला, एसटीने फिरणार आहेस की हेलिकॉप्टरने? तिसरा जिल्हा काढला. तुम्हीही काढा. पुढं इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न हाच आला की हे एका वर्षात होणार कसं, आणि माझ्याकडे तालुकावार वेळापत्रक तयार होतं म्हणून निभावलं.)

दिल्लीतल्या एका संस्थेची जाहिरात जूनमध्ये दिसली. नाव लिहीत नाही, अंतिम हप्ता अजून यायचाय! अर्ज, सारांश, बजेट, प्लेजरिझम रिपोर्ट, प्राचार्यांचं फॉरवर्डिंग लेटर, हे सगळं झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त तुमचं कॉलेज विनाअनुदानित असेल तर लिहायला बसायच्या आधी १२-बी चं पत्र आहे का ते ऑफिसात विचारा, बऱ्याच ठिकाणी यूजीसीचं २-एफ (कॉलेजला मान्यता) आणि १२-बी (केंद्राच्या अनुदानाला पात्रता) दोन्ही मागतात आणि पुष्कळ लॉ कॉलेजांकडे दुसरं नसतं, मग सगळी मेहनत पाण्यात.

आता मुख्य गोष्ट.

फॉर्ममध्ये पदनामाचा ड्रॉपडाऊन होता. प्रोफेसर, असोसिएट प्रोफेसर, असिस्टंट प्रोफेसर, अदर्स. ग्रंथपाल नाही. मी प्रामाणिकपणे अदर्स टाकलं. सप्टेंबरात मेल आला, त्रुटी आहे, प्रमुख संशोधक हा नियमित शिक्षक असावा, आपण शिक्षक असल्याचा सक्षम प्राधिकाऱ्याचा दाखला पंधरा दिवसांत अपलोड करावा, अन्यथा अर्ज बाद. आणि खाली एक प्रेमळ सूचना, की हवं तर कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकांना प्रमुख संशोधक करा आणि तुम्ही सह-संशोधक व्हा.

म्हणजे विषय माझा, अर्ज माझा, कसर मी झटकणार, आणि नाव करारकायदा शिकवणाऱ्या सरांचं. सर चांगले आहेत, ते स्वतःच म्हणाले मॅडम मला यात घालू नका, पण डोकं फिरायचं ते फिरलंच.

हा घोळ काय आहे ते लायब्ररियन नसलेल्यांसाठी सांगते. पगार आम्हाला यूजीसीचा, सातव्या वेतन आयोगात कॉलेज ग्रंथपालाची सुरुवात असिस्टंट प्रोफेसरसारखीच, लेव्हल १०, ५७,७०० पासून. पात्रता तीच, नेट किंवा पीएचडी. पण यूजीसीच्या २०१८ च्या रेग्युलेशन्सचं नावच ‘टीचर्स अँड अदर अकॅडमिक स्टाफ’ असं आहे आणि आम्ही त्या ‘अदर’मध्ये बसतो. त्यामुळे कमिटीत काम करायचं असलं की मी शिक्षक, उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी नॉन-व्हेकेशन, स्टाफरूमच्या भिशीत शिक्षक आणि दिवाळीच्या ग्रुप फोटोत शिक्षकेतरांच्या रांगेत. आणि गंमत म्हणजे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून ज्या रंगनाथनांचा वाढदिवस आम्ही १२ ऑगस्टला हार घालून साजरा करतो ते स्वतः गणित शिकवायचे, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांना कुणी विचारलं असेल का, की तुम्ही आता टीचिंग की नॉन-टीचिंग?

प्राचार्य लगेच दाखला द्यायला तयार होते पण हेडक्लार्क म्हणाले, मॅडम, नुसत्या आमच्या पत्रावर दिल्लीवाले ऐकणार नाहीत, विद्यापीठाचं तुमचं मान्यता पत्र जोडा. बरोबर होतं त्यांचं. मान्यता पत्र म्हणजे नेमणुकीला विद्यापीठाने दिलेली मंजुरी, माझं २०१० चं. काढा म्हटलं फाइल. फाइल निघाली, पत्र नाही. ऑफिस नव्या इमारतीत हललं तेव्हा दोन कपाटं पावसात भिजली होती, त्यात गेलं असावं. माझ्याकडची प्रत? माझ्याकडे प्रत नव्हती. हो, माझ्याकडे. जी बाई विद्यार्थ्यांना एका झेरॉक्ससाठी आयडी कार्ड ठेवायला लावते तिच्याकडे स्वतःच्या नोकरीच्या कागदाची प्रत नव्हती.

विद्यापीठ आमच्यापासून एसटीने साडेतीन तास. तिसऱ्या दिवशी गेले. शिक्षक मान्यता विभागात खिडकीवरच्या साहेबांनी पद विचारलं, ग्रंथपाल म्हटल्यावर मान वर न करता म्हणाले, ते शिक्षकेतर, वरच्या मजल्यावर. वर गेले. वरच्या मॅडमनी विचारलं स्केल कुठलं, यूजीसी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग तुम्ही खाली. खाली आले तर जेवणाची सुट्टी. सुट्टी संपल्यावर तेच साहेब, तोच प्रश्न, मी सांगितलं वरून परत पाठवलंय, तर ते म्हणाले, जुन्या फायली रेकॉर्डला गेल्या, प्राचार्यांच्या सहीने अर्ज घेऊन या, थ्रू प्रॉपर चॅनेल. हेच पहिल्यांदा सांगितलं असतं तर माझा एक दिवस आणि जाऊन येऊन सात तासांचा प्रवास वाचला असता.

सातव्या दिवशी अर्ज घेऊन परत. आवक विभागातल्या मुलीने शिक्का मारला आणि विचारलं, मॅडम, कुठल्या सेक्शनला मार्क करू? मी तिच्याकडे बघतच राहिले. मलाच माहीत असतं तर मी इथं कशाला आले असते! म्हटलं दोन्हींना कर. तिने केलं. आणि इथं माझी मोठी चूक झाली, लक्षात ठेवा, एक कागद दोन विभागांना मार्क झाला की दोघांनाही वाटतं दुसरा बघेल. चार दिवस फोन करत होते. एक म्हणे वर आहे, दुसरी म्हणे खाली आहे.

दहाव्या दिवशी संध्याकाळी लायब्ररी बंद करता करता, कसं सुचलं माहीत नाही, मी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ची आमची प्रत काढली. २०१७ चा सहावा महाराष्ट्र अधिनियम, १ मार्च २०१७ पासून लागू. कलम २, व्याख्या, इंग्रजी प्रतीत ‘टीचर’. आणि तिथं प्रोफेसर, असोसिएट प्रोफेसर, असिस्टंट प्रोफेसर यांच्या सोबतीने लायब्ररियन, आणि त्यात कॉलेज लायब्ररियनसुद्धा, स्पष्ट लिहिलेलं. पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त असला की झालं. म्हणजे यूजीसीच्या लेखी मी ‘अदर’ असेन पण राज्याच्या कायद्यात मी शिक्षक आहे. मी तिथंच स्टुलावर बसून एकटीच हसले. पहिल्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी सांगते, कुठलाही कायदा हातात घेतला की आधी व्याख्येचं कलम वाचा, आणि स्वतः दहा दिवस जिने चढत-उतरत होते.

बाराव्या दिवशी तिसरी फेरी. या वेळी खिडकीवर थांबले नाही, सरळ उपकुलसचिवांकडे चिठ्ठी पाठवली. पाऊण तास बसवलं पण बोलावलं. मी पुस्तक उघडून समोर ठेवलं, पानाला पिवळी चिठ्ठी लावलेली. त्यांनी नीट वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले,

“कायदा बरोबर आहे हो मॅडम. पण याच्यावर एखादा जीआर आहे का?”

मी म्हटलं, साहेब, कायद्यात लिहिलंय, जीआर कशाला? तर म्हणाले, तसं नाही, फाइलला लावायला काहीतरी लागतं. मी म्हटलं या पानाचीच झेरॉक्स लावा, मी सही करून देते. ते जरा थांबले. मग चक्क हसले आणि फोन उचलून खालच्या साहेबांना म्हणाले, या मॅडमचं तुमच्याकडेच आहे, मान्यता पत्राची प्रमाणित प्रत द्या.

झालं का? नाही. पत्र रेकॉर्ड रूममध्ये. रेकॉर्डचे मामा वयाने बरेच मोठे, निवृत्तीला आलेले, खोलीत छतापर्यंत गाठोडी. मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं, वर्ष सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुम्ही पुस्तक शोधून देताना नंबर मागता ना, तसा मला जावक नंबर लागतो. नावाने कसं सापडणार?” लाजले मी अक्षरशः. हेच वाक्य मी रोज काउंटरवर म्हणते. कॉलेजात फोन लावला, आमच्या शिपाई मामांनी २०१० चं आवक रजिस्टर शोधून त्यातला विद्यापीठाचा जावक नंबर आणि तारीख वाचून दाखवली, आणि रेकॉर्डच्या मामांनी वीस मिनिटांत गाठोडं सोडून कागद पुढ्यात ठेवला. वीस मिनिटं. सगळ्या प्रकरणात आपलं काम नीट येणारा एकच माणूस मला भेटला तो तिथं, तळघरात.

प्रमाणित प्रत मिळाली पाच चाळीसला, शेवटची एसटी सव्वासहाची. चौदाव्या दिवशी प्राचार्यांचा दाखला, मान्यता पत्र आणि कायद्याचं पान असा सगळा संच अपलोड केला. तोही पहिल्यांदा गेला नाही कारण फाइल दोन एमबीच्या वर. ब्लॅक अँड व्हाइट स्कॅन करा, पण गोल शिक्का निळ्या शाईचा असेल तर तो पुसट येतो, ते बघून घ्या.

तीन आठवड्यांनी मेल आला, अर्ज ग्राह्य. त्यात माझ्या कायद्याच्या पानाबद्दल एक अक्षर नाही, सॉरी तर नाहीच. मला वाटलं होतं निदान ड्रॉपडाऊनमध्ये लायब्ररियन टाकतील. मध्ये उगाच उघडून बघितलं, अजून अदर्सच आहे.

तर तुमच्यासाठी, अदर्स टाकावं लागलं तर पहिल्याच अर्जासोबत हे तिन्ही कागद जोडून टाका, त्रुटीची वाट बघू नका. आणि असिस्टंट प्रोफेसर टाकायचा मोह होईल, काहीजण टाकतात, नका टाकू, पुढं हप्त्याच्या वेळी पगारपत्रकावर वेगळं पद दिसलं की तुम्हीच खोट्यात. महाराष्ट्राबाहेर असाल तर तुमच्या राज्याच्या किंवा विद्यापीठाच्या कायद्यात व्याख्या काय आहे ते तुम्हाला बघावं लागेल, आमचं पान तुम्हाला चालणार नाही.

अमेरिकेत म्हणे लॉ लायब्ररियन्सची वेगळी संघटना १९०६ पासून आहे आणि ती संशोधनाला अनुदानही देते, तिथं निदान तुम्ही कोण हा प्रश्न अर्जात येत नसेल. ब्रिटन-आयर्लंडमध्येही १९६९ पासून अशी संघटना आहे. आपल्याकडे लॉ लायब्ररियनला एकतर लायब्ररी सायन्सच्या रांगेत उभं राहायचं नाहीतर कायद्याच्या, आणि दोन्हीकडचे म्हणणार तुमची रांग ती. मी अर्जात विषय कायदा टाकला होता. इंटरव्ह्यूच्या तज्ज्ञांमध्ये एक कायद्याचे प्राध्यापक होते, त्यांनी स्वतः वकिली केलेली असल्याने बार लायब्ररी म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला, म्हणून माझ्या मते कायदाच टाका.

ग्रँट मंजूर झाली आणि फिरण्याचं वर्ष मस्त गेलं, त्यावर वेगळं लिहीन. एका तालुक्याला कपाटाची किल्ली एका ज्येष्ठ वकिलांच्या कारकुनाकडे होती आणि तो लग्नाला गेलेला. दुसरीकडे एआयआर एका वर्षाला येऊन थांबलेला, का म्हणून विचारलं तर वर्गणी कोणी भरायची यावरून तेव्हा भांडण झालं होतं म्हणे. तरुण वकील सगळे मोबाइलवर, पण युक्तिवादाच्या वेळी जज्जसाहेबांपुढं ठेवायला अजून कागदच लागतो असं बहुतेकांनी प्रश्नावलीत लिहिलं.

पैशांचं थोडक्यात सांगते कारण इथं माझी चूक नव्हती, मी रजिस्टरवाली बाई आहे, व्हाऊचर मला पाठ. प्रोजेक्टचं खातं वेगळं ठेवा. त्यात जे व्याज येतं ते तुमचं नाही, कॉलेजचंही नाही, केंद्राच्या अनुदानाचं व्याज परत सरकारजमा करावं लागतं. माझं १,१४३ रुपये झालं, ते भारतकोश या सरकारी पोर्टलवर भरलं आणि पावती यूसीला जोडली. यूसी जीएफआरच्या (केंद्राचे जनरल फायनान्शियल रूल्स) १२-ए या नमुन्यातच द्यायचं, जुना १९-ए चा नमुना कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर असतो तो वापरू नका. सीएच्या सहीखाली यूडीआयएन (सीएच्या प्रत्येक दाखल्याला मिळणारा वेगळा नंबर) आहे ना ते बघा, माझं एकदा त्यावरून परत आलं आणि सीए नेमके गावाला. पुस्तकं घेतली असतील तर अॅक्सेशन करून, म्हणजे लायब्ररीच्या दाखल रजिस्टरात चढवून, नंबर बिलावर लिहा, ती कॉलेजची होतात.

तोच जीएफआर चाळताना सापडलं, सरकारी लायब्ररीत वर्षाला वाचायला दिलेल्या हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तरी तो वाजवी तोटा धरतात, बेइमानी किंवा हलगर्जी नसेल तर. एक हजार रुपयांच्या वरचं पुस्तक किंवा दुर्मिळ पुस्तक असेल तर मात्र चौकशी होणारच. एवढा बारीक विचार पुस्तकांचा केलाय!

अंतिम हप्ता यायचाय अजून. स्टेटस ‘अंडर प्रोसेस’. मान्यता पत्राच्या आता माझ्याकडे चार प्रती आहेत, एक घरी, एक लायब्ररीच्या तिजोरीत, एक मोबाइलमध्ये आणि एक हेडक्लार्कांनी मागून घेतली. प्रत्येकीवर वरच्या कोपऱ्यात लाल पेनने जावक नंबर लिहिलाय.